एकच बिलिंग सॉफ्टवेअर, तीन डेटाबेस : कनेक्शनचा कोड फॅक्टरी पॅटर्नने कसा लिहावा?

दवाबाजार_कोडर (इंदूर) यांचा प्रश्न

नमस्कार. इंदूरच्या दवा बाजारातील घाऊक औषध विक्रेत्यांसाठी तयार केलेले बिलिंग आणि स्टॉकचे एक सॉफ्टवेअर आमच्या छोट्या टीमकडे देखभालीसाठी आहे. ते सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर लिहिलेले असून आजवर त्याच्यामागे एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्सप्रेस आवृत्ती होती. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि ज्या पेढीवर दिवसभर बॅचनिहाय नोंदी होतात तिथे ती मर्यादा कधी ना कधी गाठली जाते. अशा एका ग्राहकाला लायसन्सचा खर्च नको असल्याने त्याने पोस्टग्रेसची मागणी केली आहे. दुसरा ग्राहक एका मोठ्या वितरकाची शाखा आहे आणि मुख्य कार्यालयात ओरॅकल असल्याने शाखेतही तेच असावे असा त्यांचा आग्रह आहे. उरलेले सगळे एसक्यूएल सर्व्हरवरच राहणार आहेत. म्हणजे डेटाबेस एकदाच बदलून मोकळे होण्याचा हा प्रश्न नाही; एकच सॉफ्टवेअर एकाच वेळी तिन्ही डेटाबेसवर चालवायचे आहे.

सध्याच्या कोडमध्ये प्रत्येक फॉर्मच्या बटणामागे एसक्यूएलकनेक्शनचा नवा ऑब्जेक्ट तयार होतो. सुरुवात म्हणून मी फॅक्टरी पॅटर्नने, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करण्याचे काम एकाच ठिकाणी सोपवून, ‘कनेक्शनफॅक्टरी’ नावाचा एक क्लास लिहिला. तो कॉन्फिग फाइलमधून डेटाबेसचा प्रकार वाचतो, स्विच लावून योग्य ते कनेक्शन तयार करतो आणि आयडीबीकनेक्शन या इंटरफेसच्या रूपात परत देतो. कनेक्शन उघडते, परंतु पुढे तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिली अडचण अशी की आमच्या सगळ्या कोडमध्ये पॅरामीटरसाठी ‘ॲड विथ व्हॅल्यू’ ही मेथड वापरलेली आहे आणि इंटरफेसवर ती सापडतच नाही. दुसरी अशी की कनेक्शननंतर कमांड, डेटा ॲडॅप्टर, पॅरामीटर अशा प्रत्येक गोष्टीसाठी तोच स्विच पुन्हा लिहावा लागत आहे, आणि मग फॅक्टरीचा उपयोग काय झाला हे कळत नाही. तिसरी गोष्ट मतभेदाची आहे. सहकाऱ्याचे म्हणणे असे की प्रोग्राम सुरू होताना एकच स्टॅटिक कनेक्शन उघडून ठेवावे आणि सर्व फॉर्म्सनी तेच वापरावे, म्हणजे फॅक्टरीला एकदाच बोलवावे लागेल. हे मला पटत नाही, पण ठाम उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खुला_कर्सर (इंदूर) यांचे उत्तर

आपण लिहिलेला स्विच फेकून द्यावा, कारण ते काम २००५ साली डॉट नेट २.० सोबत मायक्रोसॉफ्टनेच करून ठेवले आहे. सिस्टिम डॉट डेटा डॉट कॉमन या नेमस्पेसमध्ये डीबीप्रोव्हायडरफॅक्टरी नावाचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे, आणि डेटाबेसचा प्रत्येक चांगला ड्रायव्हर (प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यातील दुवा) त्यापासून स्वतःची फॅक्टरी तयार करून देतो. एसक्यूएल सर्व्हरसाठी एसक्यूएलक्लायंटफॅक्टरी, पोस्टग्रेससाठी एनपीजीएसक्यूएलफॅक्टरी, ओरॅकलसाठी ओरॅकलक्लायंटफॅक्टरी. या प्रत्येकीत ‘इन्स्टन्स’ नावाचे एक स्टॅटिक फील्ड असते आणि तेच त्या फॅक्टरीचे एकमेव ऑब्जेक्ट.

आपल्या दुसऱ्या अडचणीचे उत्तर यातच आहे. आपण लिहिलेली फॅक्टरी एकच वस्तू तयार करते. डीबीप्रोव्हायडरफॅक्टरी ही ॲबस्ट्रॅक्ट फॅक्टरी आहे, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्या वस्तूंचे अख्खे कुटुंब ती तयार करते. क्रिएटकनेक्शन, क्रिएटकमांड, क्रिएटपॅरामीटर, क्रिएटडेटाॲडॅप्टर या मेथड्स एकाच ऑब्जेक्टवर असल्यामुळे पोस्टग्रेसच्या कनेक्शनला चुकून ओरॅकलचा पॅरामीटर जोडला जाण्याचा प्रश्न उरत नाही, आणि कोणती फॅक्टरी घ्यायची हा निर्णय संपूर्ण प्रोग्राममध्ये एकाच ओळीत होतो. त्या ओळीनंतर कोडमध्ये कुठेही एसक्यूएलकनेक्शन हा शब्द दिसता कामा नये. इंटरफेसऐवजी डीबीकनेक्शन, डीबीकमांड, डीबीपॅरामीटर हे बेस क्लास वापरावेत. नंतरच्या काळातील असिंक्रोनस मेथड्स या बेस क्लासवरच आहेत, आयडीबीकनेक्शनसारख्या जुन्या इंटरफेसवर नाहीत.

कॉन्फिग फाइलमधील कनेक्शन स्ट्रिंगच्या नोंदीत ‘प्रोव्हायडर नेम’ हा गुणधर्म असतोच. तिथे ड्रायव्हरचे नोंदणीकृत नाव लिहावे आणि प्रोग्राममध्ये ते नाव डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीज या क्लासच्या गेटफॅक्टरी मेथडला द्यावे. कनेक्शन स्ट्रिंगचे तुकडे प्रोग्राममध्ये जोडत बसू नये, कारण प्रत्येक ड्रायव्हरचे शब्द निराळे असतात : कुठे सर्व्हर, कुठे होस्ट, ओरॅकलमध्ये डेटा सोर्समध्येच पोर्ट आणि सर्व्हिसचे नाव. अख्खी स्ट्रिंग त्या त्या ग्राहकाच्या कॉन्फिगमध्ये तयार ठेवलेली बरी.

इथे एक खोडी सांगून ठेवतो, कारण ती ग्राहकाच्या मशीनवरच उगवते. फ्रेमवर्क ४.८ मध्ये ड्रायव्हरची नोंदणी दोन ठिकाणी असू शकते : मशीन कॉन्फिगमध्ये आणि आपल्या ॲप कॉन्फिगमध्ये. ओरॅकलचा इन्स्टॉलर मशीन कॉन्फिगमध्ये स्वतःची नोंद करतो. आपल्या फाइलमध्येही तीच नोंद असेल, तर ‘इन्व्हेरिअंट नेम हा कॉलम युनिक असला पाहिजे’ अशा अर्थाचा एरर येतो, आणि डेटाबेसशी त्याचा काहीच संबंध नसल्याने माणूस भलतीकडेच शोधत राहतो. उपाय सोपा आहे : ॲप कॉन्फिगमध्ये ‘ॲड’ नोंदीच्या आधी त्याच नावाची ‘रिमूव्ह’ नोंद लिहावी. उद्या हे सॉफ्टवेअर नव्या डॉट नेटवर नेले तर मात्र मशीन कॉन्फिग ही गोष्टच नाही. तिथे डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीज २०१८ मध्ये, डॉट नेट कोअर २.१ पासून उपलब्ध झाले आणि प्रोग्रामच्या सुरुवातीला रजिस्टरफॅक्टरी मेथडने प्रत्येक ड्रायव्हरची नोंदणी आपल्यालाच करावी लागते.

‘ॲड विथ व्हॅल्यू’ नाहीशी झाली याचे वाईट वाटून घेऊ नये. ती एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरची सोय होती, आणि तीही महागात पडणारी. ती मेथड व्हॅल्यूवरून टाइपचा अंदाज करते. सी शार्पची स्ट्रिंग दिली की ती एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) मानली जाते, आणि टेबलमधील कॉलम नुसता व्हारकॅर असेल तर कोलेशननुसार (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांनुसार) इंडेक्स सरळ वापरता न आल्याने संपूर्ण इंडेक्स चाळला जाऊ शकतो. त्याऐवजी एक छोटी सामाईक मेथड लिहावी. तिला कमांड, पॅरामीटरचे नाव, डीबीटाइप आणि व्हॅल्यू द्यावी. तिने कमांडच्याच क्रिएटपॅरामीटरने पॅरामीटर तयार करावा, व्हॅल्यू नल असेल तर डीबीनल ठेवावे आणि पॅरामीटर यादीत घालावा. टाइप स्पष्ट लिहिण्याची सवय लागली की तिन्ही डेटाबेसवर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

आता स्टॅटिक कनेक्शन. त्याला माझा साफ नकार आहे. डीबीकनेक्शन हे ऑब्जेक्ट एकाच वेळी अनेक थ्रेड्सनी वापरण्यासाठी बनवलेलेच नाही. शिवाय एका फॉर्मवर डेटा रीडर उघडा असताना दुसऱ्या फॉर्मने त्याच कनेक्शनवर कमांड चालवली की ‘आधीचा डेटा रीडर बंद करा’ असा एरर मिळतो. सर्व्हर एकदा रीस्टार्ट झाला की ते उघडे कनेक्शन मेलेले असते आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कनेक्शन उघडणे महाग असते हा समज पूलिंगच्या (उघडी कनेक्शन्स राखून पुन्हा वापरण्याच्या) आधीच्या काळातला आहे. आज तिन्ही ड्रायव्हर आपणहून पूल ठेवतात, त्यामुळे यूजिंग ब्लॉकमध्ये कनेक्शन उघडावे, काम होताच सोडावे. प्रत्यक्षात ते बंद न होता पूलमध्ये परत जाते. फक्त सोडायला विसरू नये. एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरमध्ये पूलची कमाल संख्या न सांगता १०० असते, आणि तितकी कनेक्शन्स अडकून पडली की पुढच्या मागणीला १५ सेकंद थांबून टाइमआउट मिळतो.

सहकाऱ्याच्या मनात फॅक्टरी एकदाच बोलावण्याचा विचार असेल तर तो बरोबर आहे. फॅक्टरीचे ऑब्जेक्ट स्टॅटिक ठेवावे, कनेक्शनचे नाही.

दवाबाजार_कोडर

मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे स्विच काढला आणि एसक्यूएल सर्व्हर व पोस्टग्रेस दोन्हींवर लॉगिनचा फॉर्म कोणताही बदल न करता चालला. ‘रिमूव्ह’ नोंदीची सूचना अगदी वेळेवर मिळाली, कारण त्या वितरकाच्या मशीनवर तोच एरर येत होता.

परंतु औषध शोधण्याच्या फॉर्मवर पोस्टग्रेसने आमच्या क्वेरीतील ‘टॉप २०’ नाकारले, आणि ते काढल्यावर यादी येऊ लागली तरी काउंटरवरचा माणूस लहान लिपीत नाव टाइप करतो तेव्हा काहीच सापडत नाही. प्रत्येक क्वेरी तीनदा लिहावी लागणार असेल तर मग हा सगळा खटाटोप कशासाठी, असे आता सहकारी विचारत आहेत.

खुला_कर्सर

त्यांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. फॅक्टरी कनेक्शनपुरती डेटाबेसची ओळख लपवते. क्वेरीच्या मजकुरात, डेटाच्या टाइपमध्ये आणि एररमध्ये ती ओळख जशीच्या तशी उघडी राहते. तरी प्रत्येक क्वेरी तीनदा लिहिण्याची वेळ सहसा येत नाही, कारण तिन्हींना समजेल असे एसक्यूएल वाटते त्यापेक्षा बरेच मोठे आहे.

‘टॉप’ हा एसक्यूएल सर्व्हरचा खास शब्द आहे, पण ऑर्डर बायच्या पुढे ‘ऑफसेट ० रोज फेच नेक्स्ट २० रोज ओन्ली’ असे लिहिले तर एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून, ओरॅकल १२सी पासून आणि पोस्टग्रेस त्याच्याही आधीपासून ते स्वीकारतात. इजनल आणि एनव्हीएल यांच्या जागी कोअलेस, गेटडेटच्या जागी करंट टाइमस्टॅम्प, अटींसाठी केस, असे बदल केले की बहुतेक क्वेरी एकदाच लिहून भागते. मजकूर जोडायचा असेल तर तो क्वेरीत जोडूच नये, प्रोग्राममध्ये जोडावा.

लहान-मोठ्या लिपीचा घोळ क्वेरीचा नाही, कोलेशनचा आहे. एसक्यूएल सर्व्हर आपल्याकडे सहसा ज्या कोलेशनने बसवला जातो त्यात रोमन लिपीतील लहान आणि मोठी अक्षरे एकच मानली जातात; पोस्टग्रेस आणि ओरॅकल मूळ स्वरूपात ती वेगळी मानतात. त्यामुळे पॅरासिटामॉल हे नाव मोठ्या लिपीत साठवलेले असेल आणि काउंटरवर लहान लिपीत टाइप झाले, तर एका ठिकाणी गोळी सापडते आणि दुसऱ्या ठिकाणी स्टॉक शून्य दिसतो. कॉलम आणि शोधाचा शब्द दोन्हींवर अपर लावला तर तिन्हीकडे चालते, पण साधा इंडेक्स निरुपयोगी होतो. म्हणून औषधाच्या नावाचा एक जादा कॉलम ठेवावा, सेव्ह करतानाच त्यात सगळे नाव मोठ्या लिपीत भरावे आणि शोध त्याच कॉलमवर घ्यावा. जागा थोडी जास्त लागते. डोकेदुखी बरीच कमी होते.

आता ओरॅकल, ज्याला आपण अजून हात घातलेला दिसत नाही. तिथे तीन गोष्टी जवळून पाहाव्या लागतील.

पहिली पॅरामीटरची. एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटरच्या आधी ॲट चिन्ह मागतो, ओरॅकल कोलन मागतो आणि पोस्टग्रेसचा ड्रायव्हर दोन्ही चालवून घेतो. हे चिन्ह बदलणे सोपे आहे. पण ओरॅकलचा ड्रायव्हर मूळ स्थितीत पॅरामीटरची नावे पाहतच नाही, यादीतील क्रमाने ती भरतो. समजा क्वेरी ‘अपडेट स्टॉक, शिल्लक बरोबर पहिला पॅरामीटर, जिथे बॅच आयडी बरोबर दुसरा पॅरामीटर’ अशी आहे आणि आपण कोडमध्ये आधी बॅच आयडी व नंतर शिल्लक जोडली. एसक्यूएल सर्व्हरवर नावे जुळतात, सगळे ठीक. ओरॅकलवर दोन्ही आकडेच असल्याने एरर येत नाही. ५०१७ क्रमांकाच्या बॅचची शिल्लक ४० करण्याऐवजी ४० क्रमांकाच्या बॅचची शिल्लक ५०१७ होऊन बसते. यावरचा उपाय म्हणजे कमांडवर ‘बाइंड बाय नेम’ हा गुणधर्म ट्रू करणे. पण तो गुणधर्म फक्त ओरॅकलकमांडवर आहे, डीबीकमांडवर नाही.

आपल्या स्वतःच्या फॅक्टरीला खरे काम इथे मिळते. तयार डीबीप्रोव्हायडरफॅक्टरीच्या वर आपला एक पातळ थर असावा, त्यात कमांड तयार करणारी एक मेथड असावी, आणि ओरॅकलसाठी तिची वेगळी अंमलबजावणी करून तिथेच ‘बाइंड बाय नेम’ लावावे व ॲट चिन्हाच्या जागी कोलन घालावा. फॉर्म्सनी कमांड फक्त याच मेथडकडून घ्यावी. नवा ओळ-क्रमांक परत कसा मिळवायचा, ‘ही नोंद आधीच आहे’ हा एरर कसा ओळखायचा, हीही कामे याच थरात टाकावीत. यातील दुसऱ्या कामासाठी प्रत्येक डेटाबेसचा एरर क्रमांक निराळा आहे : एसक्यूएल सर्व्हरमध्ये २६२७ किंवा २६०१, पोस्टग्रेसमध्ये २३५०५, ओरॅकलमध्ये ओआरए-००००१. हे आकडे फॉर्मच्या कोडमध्ये पसरले की पुन्हा मूळ पदावर.

दुसरी देवनागरीची. आपण ग्राहकांचे पत्ते देवनागरीत छापत असाल असे गृहीत धरतो. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ कॉलमची लांबी मूळ स्थितीत अक्षरांत नव्हे, बाइट्समध्ये मोजली जाते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट्स घेते; काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘राजवाड्याजवळ, इंदूर’ या पत्त्यात अशा १७ खुणा, एक स्वल्पविराम आणि एक रिकामी जागा आहे, म्हणजे ५१ अधिक २ असे ५३ बाइट्स. एसक्यूएल सर्व्हरमधील ५० लांबीच्या एनव्हारकॅर कॉलमात आणि पोस्टग्रेसच्या ५० लांबीच्या व्हारकॅरमध्ये हा पत्ता आरामात बसतो, आणि ओरॅकलच्या ५० लांबीच्या कॉलमात बसत नाही. टेबल तयार करतानाच लांबीपुढे ‘कॅर’ हा शब्द लिहावा, म्हणजे मोजणी अक्षरखुणांत होते.

तिसरी रिकाम्या मजकुराची. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग आणि नल यांत फरक करत नाही. पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असलेले ग्राहक शोधण्यासाठी ‘बरोबर रिकामी स्ट्रिंग’ अशी अट लिहिली असेल तर तिथे एकही ओळ मिळणार नाही. प्रोग्राममध्येच नियम करावा की रिकामा मजकूर नेहमी नल म्हणून साठवायचा, मग डेटाबेस कोणताही असो.

आधी_मोजा (इंदूर)

वरील उत्तरे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहेत, तरी एक वेगळा मुद्दा मांडतो. तीन डेटाबेस सांभाळणे म्हणजे प्रत्येक बदल तीन ठिकाणी तपासणे, तीन प्रकारचे बॅकअप समजावून सांगणे आणि रात्री फोन आला तर तिन्हींची उत्तरे तोंडपाठ असणे. छोट्या टीमला हे झेपेल का, हे कोड लिहिण्याआधी ठरवावे. त्या वितरकाच्या मुख्य कार्यालयाला शाखेत ओरॅकलच हवा आहे, की शाखेचा डेटा रोज रात्री ठरलेल्या स्वरूपात त्यांच्या ओरॅकलमध्ये पोहोचला म्हणजे पुरेसे आहे, हे एकदा स्पष्ट विचारून घ्यावे. पुष्कळदा मागणी दुसरीच निघते.

दुसरे असे की आपल्या प्रश्नात स्टोअर्ड प्रोसिजर्सचा (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडचा) आणि रिपोर्ट्सचा उल्लेख नाही. स्टॉकचे गणित प्रोसिजरमध्ये असेल तर कोणतीही फॅक्टरी ती दुसऱ्या डेटाबेसवर नेऊन देणार नाही. ती एकतर सी शार्पमध्ये आणावी लागेल किंवा तीनदा लिहावी लागेल. आणि बिले क्रिस्टल रिपोर्ट्सवर छापली जात असतील तर त्या फाइल्सच्या पोटात त्यांचे स्वतःचे कनेक्शन बसलेले असते. रिपोर्टला डेटाबेसशी बोलू न देता, आपल्या फॅक्टरीतून डेटा टेबल भरून ते सेटडेटासोर्सने रिपोर्टच्या हाती द्यावे. ओआरएम (टेबल आणि ऑब्जेक्ट यांची सांगड घालणारी लायब्ररी) वापरा असा सल्लाही कुणी देईल. तो वाईट नाही, पण फ्रेमवर्क ४.८ वर एंटिटी फ्रेमवर्क कोअर या ओआरएमची ३.१ हीच शेवटची आवृत्ती चालते आणि चालू असलेले सॉफ्टवेअर पूर्ण त्यावर नेणे हे निराळेच काम आहे. आपल्या स्थितीत मी ते करणार नाही.

दवाबाजार_कोडर

आपली सूचना मान्य करून वितरकाकडे विचारणा केली. मुख्य कार्यालयाचे लोक शाखेच्या टेबल्सवर थेट स्वतःचे रिपोर्ट चालवणार असल्याने ओरॅकलची अट कायम आहे. प्रोसिजर्स आमच्याकडे मोजक्याच आहेत, त्या सी शार्पमध्ये आणू. रिपोर्ट्सचे मात्र खरोखरच लक्षात आले नव्हते. बिलाचा रिपोर्ट आजही थेट एसक्यूएल सर्व्हरला जाऊन बोलतो.

आता शेवटचा आणि आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग बिल सेव्ह करण्याचा आहे. एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होते किंवा काहीच होत नाही अशा गटात) बिलाची ओळ, त्याखालील औषधांच्या ओळी आणि स्टॉकची वजावट अशी तीन कामे होतात. बिलाचा क्रमांक आयडेंटिटी कॉलममधून (जिथे डेटाबेस आपोआप पुढचा क्रमांक देतो) येतो. ग्राहकाची त्या दिवसाची एकत्रित नोंद आधी इन्सर्ट करून पाहतो आणि ती आधीच असल्याचा एरर आला तर अपडेट करतो. एसक्यूएल सर्व्हरवर हे वर्षानुवर्षे चालले आहे. पोस्टग्रेसवर पहिल्या एररनंतरची प्रत्येक कमांड नाकारली जाते.

खुला_कर्सर

पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एकही कमांड अपयशी झाली की ते संपूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द अवस्थेत जाते आणि रोलबॅक (सगळे बदल मागे घेणे) होईपर्यंत पुढचे काहीही स्वीकारत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये दुबार नोंदीच्या एररने मूळ स्थितीत फक्त ती एक कमांड फसते, ट्रान्झॅक्शन जिवंत राहते, ओरॅकलचेही तसेच. म्हणजे एरर येऊ देऊन मग सावरण्याची आपली रीत तिसऱ्या डेटाबेसवर टिकणारी नाही. क्रम उलटा करावा : आधी अपडेट चालवावे, किती ओळी बदलल्या तो आकडा पाहावा, शून्य असेल तरच इन्सर्ट करावे. दोन काउंटरवर एकाच क्षणी दोघांनाही शून्य मिळाले तर एकाचे इन्सर्ट फसेल. तेव्हा वर सांगितलेल्या थराने तो एरर ओळखून संपूर्ण ट्रान्झॅक्शन रोलबॅक करावे आणि सुरुवातीपासून एकदा पुन्हा चालवावे. पोस्टग्रेसमध्ये यासाठी ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आहे आणि इतर दोघांकडे ‘मर्ज’ आहे, पण दिवसातून क्वचित घडणाऱ्या प्रसंगासाठी तीन वेगळ्या क्वेरी सांभाळण्यात मला अर्थ दिसत नाही.

स्टॉकच्या वजावटीलाही हाच न्याय लावावा. आधी शिल्लक वाचायची, प्रोग्राममध्ये तपासायची आणि मग वजा करायची, असे कधीही करू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वाचणारा मूळ स्थितीत लिहिणाऱ्याच्या लॉकमागे थांबतो. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये तो न थांबता आधीची कमिट (कायम) झालेली शिल्लक वाचतो. कोणत्याही पद्धतीत वाचन आणि वजावट यांच्या मधल्या वेळेत दुसरा काउंटर तोच माल विकू शकतो. अपडेटमध्येच ‘जिथे शिल्लक मागितलेल्या नगांइतकी किंवा जास्त’ अशी अट घालावी आणि बदललेल्या ओळी शून्य आल्या तर माल संपला असे समजावे. हे तिन्हीकडे सारखेच वागते.

बिलाचा क्रमांक आयडेंटिटीवर सोडणे तर एसक्यूएल सर्व्हरवरही धोक्याचे आहे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग मालिकेत, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. आयडेंटिटीचा किंवा सिक्वेन्सचा क्रमांक रोलबॅक झाला तरी परत येत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून सर्व्हर अचानक बंद पडला तर इंट प्रकारच्या आयडेंटिटीत एकदम हजाराची उडीही दिसते. आयडेंटिटी टेबलची अंतर्गत किल्ली म्हणून खुशाल ठेवावी. छापील क्रमांकासाठी मालिकेचे नाव आणि शेवटचा क्रमांक असे दोन कॉलम असलेले साधे टेबल करावे. बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी त्या ओळीत एक मिळवण्याचे अपडेट करावे आणि मग तो आकडा वाचावा. अपडेटमुळे ती ओळ कमिटपर्यंत लॉक राहते, दुसरा काउंटर तेवढा वेळ थांबतो आणि रोलबॅक झाला तर आकडाही मागे जातो. म्हणूनच हे अपडेट ट्रान्झॅक्शनमध्ये शक्य तितके शेवटी ठेवावे आणि त्यानंतर प्रिंटरची किंवा वापरणाऱ्याच्या ‘ओके’ची वाट पाहणारे काहीही असू नये.

एक बारीक गोष्ट राहिली. एसक्यूएल सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन चालू असलेल्या कनेक्शनवरील प्रत्येक कमांडला ते ट्रान्झॅक्शन हाताने जोडावे लागते, नाहीतर एरर येतो. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर मात्र त्याकडे लक्षच देत नाही. त्यामुळे पोस्टग्रेसवर लिहून तपासलेला नवा फॉर्म एसक्यूएल सर्व्हरवर पहिल्याच सेव्हला अडू शकतो. कमांड तयार करणाऱ्या मेथडलाच ट्रान्झॅक्शनचा पॅरामीटर ठेवावा आणि जोडणी तिथेच व्हावी. रोजच्या कामात तपासणीसाठी मी पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर दोन्ही समोर चालू ठेवीन, आणि बाहेर देण्याआधी ओरॅकलच्या फुकट मिळणाऱ्या आवृत्तीवर बिल, परतावा आणि स्टॉक तपासणी हे तीन फॉर्म देवनागरी पत्त्यांसह चालवून पाहीन.

दवाबाजार_कोडर

क्रमांकाच्या टेबलचे काम आजच हाती घेतो, कारण ते जुन्या ग्राहकांनाही लागू आहे. परताव्याच्या बिलांची मालिका वेगळी असल्याने त्या टेबलात दोन ओळी ठेवेन. ओरॅकलवर काही अडले तर इथेच लिहीन.